यंदाचा चोर

४ ऑक्टोबर

यंदाचा चोर मी आहे.

आज सकाळी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, खोलीचं दार लावलं, पंखा जोरात सोडला आणि माझ्या कानाशी येऊन हे सांगितलं. पंख्यामुळे अर्धंच ऐकू आलं, पण अर्थ कळला. कोणाला सांगायचं नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण ती विश्लेषण गटाची प्रमुख आहे आणि चोराने फसवायचं असतं ते त्याच गटाला. माझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. म्हणून ही वही. आईला पाय शेकायचं यंत्र घेऊन दिलं होतं, ते तिने एकदाही उघडलेलं नाही. त्याच्या खोक्यात ही राहील.

उद्या माझ्या पश्चात कोणाच्या हाती पडली तर गैरसमज नको, म्हणून लिहून ठेवतो. आमची संस्था गुरुत्वीय लहरी पकडायला बसली आहे. मैलोगणती लांबीच्या दोन नळ्या काटकोनात टाकल्या आहेत, त्यांतली हवा उपसून काढली आहे, टोकांना आरसे टांगले आहेत आणि मधून लेसर फिरतो. अवकाश थरथरलं की आरसे हलतात. किती, तर अणूच्या पोटातल्या कणाहूनही कमी. समुद्रापलीकडे असंच दुसरं यंत्र आहे. दोन्हीकडे एकच थरथर दिसली तर ती आभाळातली, एकीकडेच दिसली तर रस्त्यावरून ट्रक गेला. आम्हाला हवी आहे ती विश्व जन्मलं त्या क्षणाची थरथर. ती अजूनही चहूबाजूंनी मंद गुणगुणत येत असावी असं म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हाही असंच म्हणत होते.

इतकी वर्षं काही सापडलं नाही की माणसं सुस्तावतात. म्हणून यंत्र सलग चालतं त्या काही हंगामांत एक जण गुपचूप यंत्रात खोटी खूण सोडतो. त्याला आमच्याकडे चोर म्हणतात. चोर आहे की नाही, असला तर कोण, हे फक्त साहेबांना ठाऊक. हंगाम बंद झाल्यावर चोर सभेत उभा राहून कबुली देतो, सगळे हसतात, चहा होतो.

उपसंचालक, व्यवस्था आणि दर्जा, या पदावरच्या माणसाला चोर नेमलं, यात साहेबांचा माझ्यावरचा विश्वास दिसतो.

११ ऑक्टोबर

माझी गुणगुण तयार झाली. कानाला ऐकू येईल अशा पट्टीत आणून स्वतः ऐकली. भरदार, सपाट, एकसारखी, गिरणी चालू असावी तशी. मुद्दामच तशी ठेवली. नाजूक काही केलं तर आमच्या लोकांना जन्मात सापडायचं नाही. इतक्या वेळा ऐकली की आज दाढी करताना तीच तोंडात आली. बाहेरून आई ओरडली, "नळ नीट बंद कर रे."

यंत्राच्या वायरी असतात त्यांतल्या सात नंबरच्या कपाटामागून एक राखाडी वायर ओढली. माझ्या संगणकावरून त्या वायरीने हुकूम जाणार, आणि तिथून दोन्ही यंत्रांचे आरसे एकाच वेळी हलणार. समुद्रापलीकडचेही. काम सुबक झालं, पण एका गोष्टीने जीव तुटला. या वायरीला लेबल लावता येणार नाही. लेबल लावलं तर चोरी कसली? आमच्या घरात मिठाच्या बरणीवर मीठ आणि साखरेच्या बरणीवर साखर लिहिलेलं आहे. बायको म्हणते, "माझ्या कपाळावर तेवढं लावायचं राहिलंय." माझ्या हाताखालची ही पहिलीच बिनालेबलची वस्तू.

२ नोव्हेंबर

दुपारच्या जेवणानंतर गुणगुणीचा हुकूम दिला. लगेच संशय नको म्हणून संगणक ती सतरा तारखेपासून आपोआप सोडेल. संगणकावर हिरवा दिवा लागला. आजपासून हिरवा दिवा आणि मी, एवढेच दोघे.

९ नोव्हेंबर

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पाहणीला येणार आहेत. त्यांना भौतिकशास्त्र कळत नाही, पण पसारा कळतो. साहेबांचं तोंडचं पाणी पळालं आहे. मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

वायरमनला बोलावून सांगितलं, सगळी कपाटं आरशासारखी दिसली पाहिजेत.

तो म्हणाला, "साहेब, काही वायरींवर नावच नाही. कोणाच्या आहेत ते विचारून घेऊ का एकदा?"

"विचारायचं काय त्यात? नाव नाही म्हणजे काम नाही. काढून टाक."

"सगळ्या?"

"सगळ्या."

असा निर्णय पटकन घेता यायला अंगात शिस्त लागते. विश्लेषण गटातलं कोणी असतं तर तीन बैठका झाल्या असत्या.

१६ नोव्हेंबर

अध्यक्ष आले आणि गेले. नळ्या त्यांनी खिडकीतूनच पाहिल्या, पण कपाटांपाशी रेंगाळले. सात नंबर उघडून म्हणाले, "डोळे निवले." त्यासमोर आमचा फोटो काढला. मला प्रशस्तिपत्रक मिळणार आहे. संध्याकाळी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "वा! आता विश्वाला यायला लाज वाटणार नाही."

तिच्या बोलण्याला अशी धार असते. आम्ही एकाच वर्गात होतो. ती पहिली आली, मी व्यवस्थित आलो.

२० डिसेंबर

बायको दोन दिवस जेवताना बोलत नाही. काल भाजीत मीठ नव्हतं आणि तिला कळलं नाही. आज माझ्याकडे बघून म्हणाली, "काही विचारू?" माझ्या पाचावर धारण बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण तिने विचारलं ते एवढंच, की घरात जुने मोठे इअरफोन कुठे आहेत. ते तिसऱ्या खणात, 'इअरफोन, जुने' असं लिहिलेल्या डब्यात होते.

तिला सापडलं! माझीच बायको, माझ्याच जाळ्यात. आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आनंद थोडा जास्त झाला.

८ जानेवारी

आज तिने सांगितलं. गटाबाहेर पहिल्यांदा मलाच. डोळे अशा तेजाने भरलेले मी लग्नातही पाहिले नव्हते. दोन्ही यंत्रांत एकच गुणगुण आहे. अगदी मंद आहे, खालच्या सुरात थोडी भरीव आणि वर जाताना विरळ होत जाते.

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. माझी सपाट आहे, आणि तिच्या आकड्याच्या चौपट मोठी. वर्गात पहिली आलेली बाई, आणि गिरणीचा आवाज मोजता येईना! वर म्हणते, ती ऑक्टोबरच्या नोंदींतही दिसते, हंगामाच्या पहिल्या दिवसापासून. मी तर नोव्हेंबरात सोडली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, त्यातली गत. पण बोलणार कसा?

"चोराची असेल," मी अंदाज घेत म्हणालो.

"मला नाही वाटत. चोर इतकं नाजूक काम करत नाही."

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू.

मग तिने इअरफोन पुढे केले. "कानाला ऐकू येईल अशी केलीय. ऐक ना एकदा."

इथे मी सावध झालो. स्वतःची गुणगुण कानावर पडली की माझा चेहरा लपणार नाही. "नंतर ऐकतो," म्हणून गच्चीवर कपडे काढायला गेलो. परत आलो तर आई इअरफोन लावून बसलेली.

"कोणीतरी पलीकडच्या खोलीत काम करता करता गुणगुणतंय," आई म्हणाली. "गोड आहे गं. फार लांब आहे, पण गोड आहे."

आईला दारावरची घंटा ऐकू येत नाही. विश्वाचा जन्म ऐकू येतो.

१४ फेब्रुवारी

संस्थेत सगळे बावचळले आहेत. विश्लेषणवाले जिन्यात भेटले तरी आकड्यांत बोलतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन प्राध्यापक आज एका कपातून चहा पिताना दिसले. मोठे साहेब मला बघून डोळा मारतात. मीही मारतो. खोट्या नोटेवर एवढी जत्रा जमलेली फक्त आम्हा दोघांना दिसते आहे. या सुखाला तोड नाही.

बायको पहाटे उठून बसते. वाळली आहे. कधी कधी वाटतं, सांगून टाकावं. मग वाटतं, आयुष्यभर ती माझ्या चुका काढत आली, एकदा मलाही तिच्याहून जास्त माहीत असू दे. हे लिहून फार बरं वाटलं नाही, पण वही खरं लिहिण्यासाठी आहे.

हिरवा दिवा व्यवस्थित चालू आहे.

३ मार्च

आज तिने पुन्हा इअरफोन पुढे केले. म्हणाली, "तू चोर आहेस की नाहीस हे मी विचारत नाही, विचारायचा नियमही नाही. तू फक्त ऐक. माझ्यासाठी."

माझा कान दुखतो आहे असं सांगितलं. तिने औषध आणून घातलं. कान दुखत नसताना औषध घालून घेणं फार वाईट.

१२ मार्च

साहेबांनी बोलावलं. आरसे बदलायचे आहेतच, नवे येऊन पडलेत. प्रश्न एवढाच की हंगाम ठरल्याप्रमाणे जूनपर्यंत चालवायचा की आत्ताच नळ्यांत हवा सोडून काम सुरू करायचं. एकदा हवा सोडली की ती पुन्हा उपसून यंत्र जागेवर यायला दोन वर्षं जातील. विश्लेषण गटाचं म्हणणं, जूनपर्यंत चालवा, पुरावा पक्का व्हायला तेवढा काळ हवा. साहेबांना माझं लेखी मत हवं होतं.

"तुम्ही आणि मी जाणतो," साहेब म्हणाले, आणि डोळा मारला.

मी लिहून दिलं, हंगाम चालू ठेवण्यात अर्थ नाही. खोट्या गुणगुणीसाठी महिनोन्‌महिने वीज जाळायची? शिवाय तिचं वेड जितकं लवकर उतरेल तितकं तिच्याच तब्येतीला बरं. नवरा म्हणूनही हेच माझं कर्तव्य होतं.

१३ मार्च

तिला कळलं. मला वाटलं होतं भांडेल. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हळू आवाजात बोलली. तिचा असा आवाज मला सोसत नाही.

"सगळे विरोधात गेले तरी चाललं असतं. तू तरी माझ्या बाजूने बोलशील असं वाटलं होतं."

"तुझ्याच भल्यासाठी केलं. एक दिवस हसशील."

"वीस वर्षं मी या एका गोष्टीसाठी घालवली. ती दारात येऊन उभी आहे आणि तू दार लावतोयस. निदान बाहेर कोण आहे ते बघ तरी."

आत आई कोणाला तरी सांगत असल्यासारखी म्हणाली, "ती काय म्हणते ते जरा ऐकावं माणसाने." खोलीत आईशिवाय कोणी नव्हतं.

२६ मार्च

आज हवा सोडली. नळीपाशी उभं राहिलं की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, बराच वेळ. विश्लेषण गट काचेपलीकडे उभा होता. बायको शेवटपर्यंत थांबली, मग कोणाशी न बोलता गेली. आरसे उतरवून पेट्यांत भरले. सगळ्या पेट्यांवर लेबलं मी स्वतः लावली.

३१ मार्च

उद्या उलगडा. भाषण तयार आहे. सुरुवातीला हशा, मग थोडं चिंतन, शेवटी बायकोच्या चिकाटीचं कौतुक. सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं की तिचा राग जाईल. एक एप्रिल हा मुहूर्त साहेबांनीच काढला, भारी विनोदी माणूस.

१ एप्रिल

आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

सभागृह भरलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तुम्ही जिच्यासाठी झोप घालवलीत त्या गुणगुणीचा बाप तुमच्यासमोर उभा आहे." पुढच्या रांगेतले काही जण हसले. मागे कोणीतरी डोकं धरून बसलं. मी बायकोकडे पाहिलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती वहीचं कोरं पान उघडत होती.

"कधीपासून सोडलीस?" तिने विचारलं.

"सतरा नोव्हेंबर."

"आकार?"

"सपाट. आणि तुम्ही मोजलीत त्याच्या चौपट. एवढी मोठी गोष्ट तुम्हाला नीट मोजता आली नाही, पण त्याबद्दल कोणाला दोष..."

"आमच्या नोंदींत असं काही नाही," ती म्हणाली. "चौपट काय, त्याच्या दहाव्या हिश्शाचीही सपाट गुणगुण नाही. आम्ही शोधली होती. चोराची म्हणून पहिली तीच शोधली होती."

आणि तिने कोऱ्या पानावर 'सतरा नोव्हेंबर, सपाट' असं लिहून घेतलं.

मी हसलो. म्हणालो, वायर आहे माझी, प्रत्यक्ष दाखवतो, चला. सगळे उठले. मी पुढे, साहेब मागे, त्यांच्यामागे पन्नासेक माणसं, सात नंबरच्या कपाटाकडे. मी झोकात दार उघडलं.

काय सुरेख कपाट होतं! प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक वायरीला नाव, रंगाप्रमाणे, उंचीप्रमाणे. राखाडी वायर नव्हती. मी वाकून मागे पाहिलं. गुडघे टेकून खाली पाहिलं. भिंतीत वायर यायचं भोक तेवढं होतं आणि तेही कोणीतरी व्यवस्थित पांढऱ्या बुचाने बंद केलं होतं.

वायरमन गर्दीत होता. "अध्यक्ष यायच्या आधी बिननावाच्या सगळ्या काढल्या ना आपण, साहेब," तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं मी शाबासकी द्यायला शोधतो आहे.

हिरवा दिवा पाच महिने भिंतीशी बोलत होता.

मग बायको पुढे आली. "आरसे कुठे आहेत?"

"पेट्यांत."

"लेबल लावून?"

"हो."

ती तिथेच जमिनीवर बसली. तिच्या गटातल्या दोघीजणी तिच्या शेजारी बसल्या. मी उभाच होतो, कपाटाचं दार धरून.

२ एप्रिल

मोठ्या साहेबांनी डोळा मारला नाही. म्हणाले, हे बाहेर जाता कामा नये. तासाभराने पुन्हा बोलावून म्हणाले, काही अंशी जाऊ द्यावं, 'ऐतिहासिक शक्यता' अशा शब्दांत. दुपारी म्हणाले, शक्यता ही काही बातमी नव्हे, राहू द्या. पुरावा अर्धवट आहे. आणखी थोडा काळ यंत्र चाललं असतं तर जगासमोर ठेवता आला असता. आता समुद्रापलीकडचं एकटं यंत्र काय करणार? एका हाताने टाळी वाजत नाही.

टपालात प्रशस्तिपत्रक आलं. चौकटीसकट.

९ एप्रिल

घरात कोणी माझ्याशी वाकडं बोलत नाही. त्यापेक्षा बोललेलं बरं. मी चुकलो असं तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "वायरीचं मला काही वाटत नाही. वायर कोणाकडूनही निघाली असती." मग कशाचं वाटतं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

१८ मे

ती आज निघाली. दूर उत्तरेला तिसरं यंत्र उभं राहतं आहे. ते वर्षभरात सुरू झालं तर समुद्रापलीकडच्याशी त्याची जोडी जमेल आणि गुणगुण पुन्हा शोधता येईल. तिथल्या लोकांनी तिला बोलावलं. किती दिवसांसाठी, असं मी विचारलं. "सापडेपर्यंत," म्हणाली. आईने तिच्या बॅगेत स्वेटर कोंबले. मी बॅगांवर लावायला लेबलं काढली, तर ती म्हणाली, "राहू दे. माझ्या आहेत हे मला माहीत आहे."

टॅक्सी यायला अवकाश होता. आम्ही दोघं दारातल्या बाकावर बसलो. तिने पर्समधून ते जुने इअरफोन काढले.

"आता तरी ऐकशील?"

आता माझ्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी कानाला लावले. आधी काहीच नाही. तिने आवाज वाढवला. मग आली. फार लांबून, खालच्या सुरात, वर जाताना विरत जाणारी. पलीकडच्या खोलीत काम करता करता कोणीतरी गुणगुणावं, आपल्याला ऐकू जातंय हे त्याला ठाऊकही नसावं, तशी. गिरणीचा मागमूस नाही. पहिल्याच क्षणाला कळलं मला. माझी गुणगुण मला तोंडपाठ होती. जानेवारीत, गच्चीवर जायच्या आधी, एकदा कानाला लावले असते तर तेव्हाही कळलं असतं.

माझे डोळे भरून आले. ती माझ्याकडे बघत होती.

"काय?"

"ही माझी नाही," मी म्हणालो.

"जानेवारीपासून मी तेवढंच म्हणत होते," ती म्हणाली. तिने माझ्या कानांवरून इअरफोन अलगद काढून घेतले, वायर गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. टॅक्सी आली होती.